परतीचे भाडे कोणी भरायचे?

भोकरदन तालुक्याला मिरचीने ओळख दिली आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हंगामात हिरव्या मिरचीचे ट्रक परराज्यांत रवाना होतात. जालन्याहून भोकरदनकडे येताना लागणारे केदारखेडा हे गावही याच तालुक्यातले. या पट्ट्यात उन्हाळी लागवड आता गादीवाफ्यावर होते, वाफ्यावर मल्चिंग पेपर आणि त्याखाली ठिबकची नळी. हंगाम सरला की या दोन्ही वस्तू रानातून बाहेर निघतात. दोन्ही पॉलिथिलीनच्या, म्हणजे एकाच कुळातल्या. नळ्यांची भेंडोळी करून शेतकरी त्या जपून ठेवतो, पुढच्या पिकाला पुन्हा अंथरतो आणि अगदीच निकामी झाल्या की भंगारवाल्याला किलोवर घालतो. मल्चिंग पेपरचे तसे होत नाही. केसाइतकाही जाड नसलेला हा कागद एका हंगामात उन्हाने कडक होतो, ओढताना फाटतो, अर्धा मातीतच राहतो. जो हाती लागतो तो चिखलाने माखलेला असतो आणि भंगारवाला त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग बांधावर ढीग रचायचा आणि काडी लावायची. शेतकरी तोच, रान तेच, आठवडाही तोच. तरी एक वस्तू परत जाते आणि दुसरी धूर होते. हा फरक शेतकऱ्याच्या स्वभावातून आलेला नाही, भावातून आलेला आहे.

कचऱ्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा नेमकी इथे चुकते. कचरा हा सवयीचा, संस्काराचा, फार तर झाडूचा आणि घंटागाडीचा प्रश्न आहे असे धरून आपण बोलू लागतो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. वस्तू गावात येते तेव्हा तिच्या येण्याचे भाडे किमतीत धरलेले असते. कारखान्यापासून टपरीपर्यंतचा प्रत्येक टप्पा कोणीतरी पैसे घेऊन पार पाडतो. ती वस्तू वापरून झाल्यावर तिच्या उरलेल्या भागाने परत कसे जायचे याचे भाडे मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. ज्या वस्तूंच्या परतीचे भाडे बाजार देतो, त्या भंगार होतात. ज्यांचे कोणीच देत नाही, त्या कचरा होतात. जगातल्या ज्या ज्या प्रदेशाने हा प्रश्न थोडाफार सोडवला, त्याने आधी हे भाडे कोणी भरायचे ते ठरवले. ज्यांनी ते ठरवले नाही, ते मोहिमाच काढत राहिले.

जगाचे चित्र आधी पाहू. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालानुसार २०१६ मध्ये जगात २०१ कोटी टन घनकचरा निर्माण झाला आणि २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल. माणशी रोजचे सरासरी प्रमाण पाऊण किलोच्या आसपास असले तरी ती सरासरी फसवी आहे, कारण देशादेशांत हा आकडा शंभर-सव्वाशे ग्रॅमपासून साडेचार किलोपर्यंत बदलतो. श्रीमंत देशांत जगाची १६ टक्के लोकसंख्या राहते आणि ती जगाचा ३४ टक्के कचरा करते. तरी त्यांचे रस्ते स्वच्छ दिसतात, कारण तिथला जवळजवळ सगळा कचरा गोळा होतो. गरीब देशांत निम्म्याहून कमी कचरा गोळा होतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक उघड्यावर टाकला किंवा जाळला जातो. दक्षिण आशियाचे प्रमाण माणशी जेमतेम अर्धा किलो, त्यातही ५७ टक्के ओला, कुजणारा. म्हणजे आपण कमी कचरा करतो आणि जास्त घाणीत राहतो. श्रीमंत देशांनी तरी आपला कचरा घरच्या घरी जिरवला होता का? १९९२ पासून जगात निर्यात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४५ टक्के एकट्या चीनने घेतला. २०१८ च्या जानेवारीत चीनने दार लावले, तेव्हा युरोप-अमेरिकेतले कंटेनर मलेशिया, व्हिएतनाम, तुर्कस्तानकडे वळले. शेवटी २०१९ मध्ये कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीविषयीच्या बाझल कराराला दुरुस्ती जोडून या व्यापाराला २०२१ पासून आवर घालावा लागला. परतीची वाट श्रीमंतांनीही बरीच वर्षे दुसऱ्याच्या अंगणातून काढली होती.

भारतातल्या आकड्यांत आणखी एक गोम आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या अहवालात देशाचा रोजचा घनकचरा सुमारे १ लाख ६० हजार टन दिला आहे. त्यातल्या निम्म्यावरच प्रक्रिया होते आणि जवळजवळ एक तृतीयांश कुठे जातो याची नोंदच नाही. पण हा सगळा हिशेब नागरी स्थानिक संस्थांचा, म्हणजे महापालिका आणि नगरपालिकांचा. केदारखेड्यासारखी गावे त्यात धरलेलीच नाहीत. ग्रामीण भारताचा कचरा मोजला जात नाही, अंदाजला जातो. जे मोजलेच जात नाही त्यासाठी पैसा मागणार कोण आणि देणार कोण?

मराठवाड्यातल्या गावांना कचऱ्याची व्यवस्था नव्हती असे मात्र नाही. प्रत्येक घराचा उकिरडा ही व्यवस्थाच होती, आणि ती चांगली चालत होती. शेण, मूत, राख, गव्हाणीतला उरलेला कडबा, भाजीची देठे, अंगण झाडलेली माती असे सगळे त्यात जायचे आणि मृगाच्या आधी बैलगाडीने शेतात पडायचे. उकिरड्याला मालक होता, कारण त्यात खत होते, आणि खताला मोल होते. बाहेरून येणाऱ्या मोजक्या वस्तूंनाही परतीची वाट होती. धान्याचा बारदाना पुन्हा विकला जाई, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला गिऱ्हाईक असे, सोड्याची बाटली टाकणे म्हणजे डिपॉझिट बुडवणे. हा काही सुवर्णकाळ नव्हता. उकिरड्याभोवती माशा होत्या, रोगराई होती, आणि मेलेली गुरे ओढण्यापासून गाव झाडण्यापर्यंतची कामे जन्माच्या जातीवर लादलेली होती. त्या व्यवस्थेकडे परत जा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण तिची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: गाव तुलनेने निर्मळ राहत असेल तर त्याचे कारण टाकलेली जवळपास प्रत्येक वस्तू माती खाऊ शकत होती किंवा कोणीतरी विकत घेत होते हे होते. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, उकिरडा आटला आणि त्याच सुमारास दोन-पाच रुपयांच्या पुड्यांची माळ प्रत्येक टपरीवर लटकू लागली. आता शेणखताची ट्रॉली रानात रिकामी केली तर खताबरोबर वेफर्सची पाकिटे आणि गुटख्याच्या पुड्याही पसरतात.

परतीच्या भाड्याची ताकद काय असते हे पाहायला जालन्याबाहेर जावे लागत नाही. या शहराची ओळख आता बियाण्यांइतकीच सळईची आहे. औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये जे वितळते ते मुख्यतः भंगार: मोडीत काढलेली यंत्रे, गाड्यांचे सांगाडे, पाडलेल्या इमारतींचे लोखंड. देशभरातून येते, बंदरावर उतरून परदेशातूनही येते. जालना जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, समुद्र नाही. तरी जगाचे टाकलेले लोखंड इथे वाट काढत येते, कारण इथे त्याला भाव आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीपासून भट्टीपर्यंतच्या साखळीत कोणाला स्वच्छतेची शपथ द्यावी लागत नाही. खेड्यातला मोडका नांगराचा फाळ, गंजलेला पत्रा, तुटकी कडी यांतले काहीही गटारात पडून राहिलेले दिसणार नाही. अर्थात या वाटेचीही किंमत आहे. भट्ट्यांचा धूर जालनेकर श्वासात घेतात आणि भट्टीतल्या स्फोटांत कामगार होरपळल्याच्या बातम्या इथे नव्या नाहीत. म्हणजे बाजार परतीचे भाडे देतो तेव्हाही ते पूर्ण देतो असे नाही. त्यातला काही हिस्सा मजुराच्या आणि शेजाऱ्याच्या अंगावर ढकलतो. पण निदान वस्तू परत तरी येते. वेफर्सच्या पाकिटाचे तसे नाही. त्यात प्लास्टिकच्या दोन-तीन थरांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही, म्हणून ते जिथे पडले तिथे आहे.

आता सरकारचा हात कोणत्या दिशेने चालतो ते पाहा. फलोत्पादन अभियानातून मल्चिंग पेपरला कित्येक वर्षे हेक्टरी १६,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळत होते. शेततळ्याच्या अस्तराला, ठिबकला, शेडनेटला वेगळे. पाण्याची वानवा असलेल्या या जिल्ह्यात ही अनुदाने चुकीची आहेत असे मुळीच नाही. मल्चिंगने पाणी वाचते, तण आटोक्यात राहते, मिरचीचे चार पैसे जास्त होतात. पण त्या १६,००० रुपयांत कागद परत नेण्यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. दुसरीकडे स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठरले. चार हजार वस्तीचे गाव धरले तर २ लाख ४० हजार रुपये होतात, आणि तेही एकदाच, उभारणीसाठी. त्यात खतखड्डे होतील, एखादी गाडी येईल. गाडी रोज चालवणाऱ्याचा पगार, बॅटरी, दुरुस्ती, वर्गीकरणाची मजुरी यांचे काय? वित्त आयोगाच्या निधीतला एक हिस्सा स्वच्छतेसाठी बांधून दिलेला आहे, हे खरे. पण त्याच हिश्श्यातून गटारे, शौचालये आणि सांडपाणीही सांभाळायचे असते. परिणाम असा की अनेक गावांत गाडी ग्रामपंचायतीच्या आवारात उभी दिसते. प्लास्टिक पसरवायला एका हेक्टरला १६,००० आणि सगळा कचरा उचलायला एका माणसाला ६०. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत हे मान्य करूनही धोरणाचा कल त्यांतून लपत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गावांचा कचरा असतोच किती; खरा प्रश्न शहरांचा. शहरांचा प्रश्न मोठा आहे यात शंका नाही, आणि त्याचा भार शेवटी गावांवरच पडतो हे शेजारच्या औरंगाबादने, आजच्या छत्रपती संभाजीनगरने, २०१८ मध्ये दाखवून दिले. नारेगाव-मांडकीच्या लोकांनी तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा सोसला आणि त्या फेब्रुवारीत गाड्या अडवल्या. महिनोन्‌महिने शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. शहराजवळच्या मिटमिट्याला गाड्या नेल्या तर तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. पण म्हणून गावांचा स्वतःचा कचरा नगण्य ठरत नाही. शहराचा कचरा निदान एका ठिकाणी साचतो, गावाचा विखुरतो. केदारखेडा पूर्णेच्या खोऱ्यात आहे. ही नदी पुढे बुलढाण्यात जाते, खडकपूर्णा आणि येलदरी ही धरणे याच पाण्यावर भरतात, आणि शेवटी ती गोदावरीला मिळते. गावच्या ओढ्यात पडलेली पिशवी पहिल्या पुरात गावची राहत नाही. शिवाय गाव आज कमी कचरा करते ते त्याची क्रयशक्ती कमी म्हणून. ती वाढावी असेच आपल्याला वाटते, आणि वाढेल तेव्हा कचराही वाढेल. व्यवस्था उभी करायची ती ढीग डोक्यावर आल्यावर नव्हे, आज.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: जपानकडे बघा, लोकांना शिस्त असली की सगळे होते. मुद्दा सवयीचा आहे. या आक्षेपाला महाराष्ट्रात पुण्याईही आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि हजारो गावे स्वतःहून रस्त्यावर उतरली. शासनाने पैशाऐवजी चुरस दिली आणि तीच पुरली. त्यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली की मराठी खेड्यातल्या माणसाला स्वच्छता नको असते हा आरोप खोटा आहे. पण दुसरीही सिद्ध झाली. मोहिमेने गाव झाडून निघते, झाडलेले कुठे न्यायचे हे मोहीम सांगत नाही. ज्या जपानचे उदाहरण दिले जाते तिथे १९७१ मध्ये टोकियोच्या राज्यपालांना ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ पुकारावे लागले होते. कोतो या भागातल्या रहिवाशांनी इतर वस्त्यांच्या कचरागाड्या अडवल्या, अगदी नारेगावकरांनी अडवल्या तशाच. तिथली शिस्त त्या भांडणातून, भट्ट्यांवरच्या प्रचंड खर्चातून आणि १९९५च्या वेष्टन-पुनर्वापर कायद्यातून आली. दक्षिण कोरियाने १९९५ पासून कचऱ्याच्या आकारमानानुसार पैसे घेणे सुरू केले, २००५ मध्ये अन्नकचरा भराव-जमिनीत टाकण्यास बंदी केली आणि आज तिथला जवळपास सगळा अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा वायूकडे वळतो. आधी भाव, मग सवय, असा तो क्रम आहे.

शिस्तीची कमाल मर्यादा कुठे येते हेही जपानच्याच एका खेड्याने दाखवले आहे. शिकोकू बेटावरचे कामिकात्सु हे दीड हजाराच्या आसपास वस्तीचे डोंगरी गाव. एकेकाळी तिथेही कचरा उघड्यावर जाळत. २००३ मध्ये गावाने शून्य-कचऱ्याचा संकल्प केला. आज तिथली माणसे आपला कचरा धुऊन, वाळवून चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. याहून अधिक सवय माणसाला लावता येणार नाही. एवढे करून गाव पोहोचले सुमारे ८० टक्क्यांपर्यंत. उरलेले २० टक्के डायपर, चामडे-रबर एकत्र चिकटवलेली पादत्राणे आणि मिश्र प्लास्टिक अशा वस्तूंत अडकले. त्या वस्तू परत घेता येतील अशा बनवलेल्याच नव्हत्या. म्हणजे गावकऱ्याने शंभर टक्के कर्तव्य केले तरी कारखान्याचे वीस टक्के त्याच्या दारात राहतेच. आपल्याकडेही आदर्श गावे आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने भास्करराव पेरे यांच्या नेतृत्वाखाली कर वेळेवर भरणाऱ्याला दळण मोफत देऊन वसुली आणि स्वच्छता दोन्ही जमवली. त्यातही गंमत अशी की तिथे चालला तो उपदेश नव्हे, हिशेब.

तिसरे म्हणणे बंदीचे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्या जूनमध्ये ती अमलात आली, आणि देशभर एकवेळ वापराच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. पातळ पिशव्या काही काळ खरोखर कमी झाल्या. पण बंदीचे सामर्थ्य तपासायचे तर गुटख्याची पुडी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०११ मध्ये गुटख्याच्या प्लास्टिक पुडीवर बंदी आली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावरच बंदी घातली. म्हणजे वेष्टनही बेकायदा आणि आतला मालही बेकायदा. तरी ती पुडी कोणत्याही एसटी स्थानकाच्या कोपऱ्यात सापडते. याउलट जिथे बंदी कारखानदाराला झोंबणार होती, तिथे ती शब्दांत विरघळली. अनेक थरांचे, पुनर्वापर न होणारे वेष्टन दोन वर्षांत बंद करावे असे केंद्राचे २०१६चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम सांगत होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात अशी पुस्ती जोडली की ज्यातून ऊर्जा मिळू शकते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होऊ शकतो ते त्यातून सुटले. जाळले की प्रत्येक प्लास्टिकमधून ऊर्जा मिळतेच. त्याच २०१६च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी पहिल्यांदाच ग्रामपंचायतींवर टाकली. कंपनीची सुटका झाली आणि सरपंच अडकला.

चौथा मार्ग यंत्राचा: जाळा आणि वीज करा. स्वीडन घरगुती कचऱ्यापैकी एक टक्काही जमिनीत पुरत नाही, निम्मा जाळून घरे उबदार ठेवतो, एवढेच नव्हे तर भट्ट्या भरायला शेजारच्या देशांतून कचरा घेतो. पण त्यांचा कचरा कोरडा, कागद-प्लास्टिकने भरलेला, आणि उष्णता विकत घेणारी थंड शहरे शेजारीच. आपला निम्म्याहून अधिक कचरा ओला. तो जाळायला आधी इंधन लागते. शिवाय अशी भट्टी परवडते ती शेकडो टनांवर, आणि खेड्यात रोज जमते ते काही क्विंटल. ओल्याला खत किंवा गोबरगॅस, सुक्यातल्या निरुपयोगी भागाला तालुक्यावरून सिमेंटची भट्टी, एवढेच यंत्राचे काम ग्रामीण भागात शहाणपणाचे ठरेल. त्यासाठीही तो सुका भाग तालुक्यापर्यंत पोहोचवावा लागतो, म्हणजे पुन्हा भाड्यापाशीच येतो.

ते भाडे ठरवण्याचे मार्ग शोधून सापडलेले आहेत. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनाचा खर्च उत्पादकांवर टाकला आणि २००३ मध्ये बाटली-डब्यावर २५ सेंटचे डिपॉझिट लावले. आज तिथली जवळजवळ प्रत्येक बाटली दुकानात परत येते. हे फक्त श्रीमंतांना जमते असे वाटत असेल तर तामिळनाडूतला निलगिरी जिल्हा पाहावा. मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारूच्या दुकानांनी बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन बाटली परत आणणाऱ्याला ते देणे सुरू केले आणि दहातल्या नऊहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. दारू पिणाऱ्याचे संस्कार एका रात्रीत सुधारले नाहीत. बाटलीला दहा रुपये आले. केरळात कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या योजनेतल्या बायकांमधून उभी राहिलेली हरित कर्म सेना दारोदार फिरून सुका कचरा नेते, खेड्यात महिन्याला घरामागे ५० रुपये घेते आणि माल सरकारी क्लीन केरळ कंपनीकडे देते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने हेच काम नागरिकांच्या शुल्कावर उभे केले. प्रत्येक ठिकाणी वस्तू बदलते, पैसे देणारा बदलतो, पण कोणीतरी ठरलेला देणारा असतोच.

हे भाडे उत्पादकावर टाकले तर भुर्दंड गरिबावरच पडेल, कारण पुडी विकत घेतो तो गरीब, असा आक्षेप उरतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. छोट्या पाकिटाने शॅम्पू, चहा, मसाला हे रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात पोहोचवले. पण आजही तो भुर्दंड गरीबच भरतो, फक्त पावती मिळत नाही. तुंबलेले गटार त्याच्या वस्तीतले, पिशवी खाऊन पोट फुगलेली शेळी-गाय त्याची, संध्याकाळी जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर त्याच्या लेकरांच्या छातीत. वेष्टनामागे काही पैसे वाढले आणि त्यांतून गावातल्या दोन बायकांना वर्गीकरणाची मजुरी मिळाली, तर तो पैसा गावातच फिरतो. खरा धोका निराळा आहे. उत्पादकांची जबाबदारी कायद्याने २०२२ पासून सक्तीची झाली, कंपन्यांनी पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घ्यायची असे ठरले, आणि पाठोपाठ पुनर्वापर करणाऱ्या काही कारखान्यांची लाखो बनावट प्रमाणपत्रे प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सापडली. प्लास्टिक जागेवर राहिले आणि कागद परत गेला.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रमाणपत्र कारखान्याच्या दारात नव्हे, तालुक्याच्या काट्यावर जन्मले पाहिजे: गावाने गोळा केलेल्या मालाची वजनपावती, त्यावर ग्रामपंचायतीची सही, आणि त्या पावतीवर कंपनीने किलोला ठरलेला दर देणे, माल विकण्याजोगा असो वा नसो. मल्चिंग पेपरचे पुढच्या हंगामाचे अनुदान मागच्या हंगामाचा कागद परत केल्याच्या पावतीशी जोडावे. तेवढी तरतूद त्या अनुदानातच करावी, शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे. कीटकनाशकांचे डबे आणि खतांच्या गोण्या कृषी सेवा केंद्रांनी डिपॉझिटवर परत घ्याव्यात. गावात माल उतरवून परतणारा वितरकाचा टेम्पो बहुधा रिकामाच जातो. त्याच्या परतीच्या फेरीला काम आहे. आणि शासनाने गावाचे मूल्यमापन गाड्या, खड्डे व रंगवलेल्या भिंती मोजून करणे थांबवून वर्षभरात किती टन माल गावाबाहेर गेला आणि त्याचे पैसे कोणी दिले हे विचारावे. ग्रामसभेलाही हाच प्रश्न विचारता येतो. त्याला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याचे उत्तर ‘ग्रामपंचायतीने’ असे येत राहील तोवर कारखान्याला आपले वेष्टन बदलण्याचे काहीच कारण नाही.